सिंहगड रस्त्यावरची जपानी बाग आणि आपले ब्लडप्रेशर



मागच्या दोन अंकांत या पानावर आपण मिठाविषयी आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्यांविषयी बोललो. या वेळी बागेविषयी बोलायचे आहे. आरोग्याच्या पानावर बाग कशाला, असे तुम्हाला वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटले होते.

महिन्यातून एकदा रविवारी वंदना झाल्यावर आम्ही विहारात ब्लडप्रेशर तपासतो. पट्टा बांधण्याआधी पाच मिनिटे शांत बसा, असे प्रत्येकीला सांगतो. धावतपळत येऊन लगेच मोजले तर आकडा उगाच वर जातो. पण ही पाच मिनिटेच आमच्या बायांना जड जातात. कुणाकडे नळाला पाणी आलेले असते, कुणाचे नातवंड बाहेर रडत असते, कुणाची कामावर जायची वेळ झालेली असते. एका मावशींचे प्रेशर गेल्या उन्हाळ्यात १६८/१०४ आले. वय त्रेपन्न, चार घरची धुणीभांडी. त्यांच्या थोरल्या बहिणीला अर्धांगवायू होऊन दोन वर्षे झाली, तिचे सगळे अंथरुणातच. मावशींना आम्ही सांगितले, गोळी चुकवू नका, लोणचे-पापड कमी करा आणि रोज अर्धा तास चाला.

मावशी हसल्या. म्हणाल्या, "सिस्टर, मी चालत नाही तर काय करते? पहाटे पाचपासून पायावरच असते."

आमच्याकडे याला उत्तर नव्हते. नर्सिंग शिकताना 'रुग्णाला चालण्याचा सल्ला द्यावा' एवढेच शिकलो होतो. हंडा घेऊन चालणारीला आणि बसचे पैसे वाचवायला चालणारीला काय सांगायचे, ते कुणी शिकवले नव्हते. मग आम्ही त्यांना उलट विचारले, "मावशी, हातात काही नाही, डोक्यात कुणाचे काम नाही, अशा शेवटच्या कधी चाललात?" त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, "दीक्षाभूमीला गेलो होतो तेव्हा. पण तिथंबी गर्दीच होती."

त्यांच्या या उत्तरावरून आमच्या महिला मंडळाने ठरवले की एक दिवस नुसते चालायला जायचे. कुठे, तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात. पुण्यात बहुतेक लोक त्याला जपानी बाग म्हणतात.

ठरवायला पाच मिनिटे लागली, जायला दीड महिना लागला. एकीला वाटे तिथे कपडे कसे घालून जायचे, दुसरीला वाटे तिथे लघवीची सोय असेल का. दुसरीचा प्रश्न खरा आरोग्याचा आहे. साखर असलेली बाई किंवा चार बाळंतपणे झालेली बाई संडासाची खात्री असल्याशिवाय घराबाहेर दोन तास काढत नाही आणि म्हणून ती कुठे जातच नाही. तिकिटाचे पैसे मंडळाच्या डब्यातून काढले. पण खरी अडचण निराळी होती. एक ताई शेवटी बोलल्या. काही वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या एका शहरात नात्यातल्या मुलींना घेऊन बागेत गेल्या होत्या. दारावरच्या माणसाने वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "कुणाकडे कामाला आलात?" त्या तशाच परत फिरल्या. त्याने आत जाऊ नका असे म्हटले नव्हते, पण त्या एका प्रश्नाने त्या गप्प झाल्या. त्यानंतर त्यांनी कुठल्याच बागेचे दार पाहिले नाही.

आपण त्या दिवशी का परत फिरतो, हे समजून घेतले पाहिजे. सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या जागा वापरायला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणाला अडवता येणार नाही, असे संविधानाचे पंधरावे कलम सांगते. महापालिकेची बाग त्यातच येते. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ते तळेही नगरपालिकेचेच होते आणि ठरावाने सर्वांना खुलेही झालेले होते. कागदावर खुले आणि पायाला बंद. आज दारावर पाटी नाही. पण मनात जी पाटी राहिली आहे ती आपल्यालाच काढावी लागते. ती एकटीने निघत नाही, दहा जणी मिळून गेलो की निघते. म्हणून आम्ही ठरवले, जायचे तर सगळ्यांनी मिळूनच.

रविवारी सकाळी आम्ही चौदा जणी निघालो. बस दांडेकर पुलाजवळ आली की पर्वतीची टेकडी दिसते. आमच्यातल्या तरुण मुलींना ती फिरायची जागा म्हणूनच माहीत. १९२९ साली त्याच पर्वतीवरच्या मंदिरात जाण्यासाठी पुण्यातल्या अस्पृश्य समाजाने सत्याग्रह केला आणि सत्याग्रहींनी दगड खाल्ले, हे एका आजींनी बसमध्येच सांगितले. आज आपल्याला मंदिरात जायचे नाही, आपण धम्माच्या वाटेवर आहोत. पण ज्या रस्त्याने आपण तिकीट काढून बागेत निघालो होतो, त्या रस्त्यावर कुणीतरी आपल्यासाठी डोके फोडून घेतले होते, हे मुलींना कळले ते बरे झाले.

आता बागेविषयी. ती सुमारे दहा एकरांची आहे. जपानमधल्या ओकायामा या शहरात कोराकुएन नावाची तीनशे वर्षांची जुनी बाग आहे, तिच्या धर्तीवर ही केली आहे. म्हणून पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही तिचे नाव आहे. कोराकुएन ही मुळात एका सरदाराची बाग. इकेदा त्सुनामासा या तिथल्या सत्ताधीशाने १६८७ साली तिचे काम सुरू करवले आणि १७०० साली ती पुरी झाली. ती त्याच्या विसाव्याची आणि पाहुण्यांची जागा होती, प्रजेला काही ठरावीक दिवशीच आत येता येई. १८८४ साली ती तिथल्या प्रांताच्या सरकारकडे आली आणि सर्व लोकांना खुली झाली. १९३४ च्या पुरात तिचे नुकसान झाले, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली, मग जुनी चित्रे आणि नकाशे समोर ठेवून ती पुन्हा उभी केली. त्या बागेत शोभेच्या झाडांबरोबर भाताचे खाचर आणि चहाचा मळाही आहे. हे ऐकून आमच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे बागेत शेत! मग ती आपली पण झाली."

कोराकुएन नावाचा अर्थही सांगण्यासारखा आहे. राज्यकर्त्याने दुःख सर्वांच्या आधी सोसावे आणि सुख सर्वांच्या नंतर घ्यावे, असे एक जुने चिनी वचन आहे. त्यावरून 'नंतरच्या सुखाची बाग' असे ते नाव पडले. राज्यकर्त्यांसाठी वचन चांगले आहे. आपल्या वस्तीतल्या बायांना मात्र ते शिकवायला नको. त्या आधीच सगळ्यांच्या नंतर जेवतात, सगळ्यांच्या नंतर झोपतात आणि सगळ्यांच्या नंतर दवाखान्यात जातात.

दारातून आत गेल्यावर पहिली दहा मिनिटे आम्ही सगळ्या भराभरा चाललो. सवयच तशी. आपण जणू बाग उरकायला आलो होतो. पुढे गेलेल्या दोघी परत येऊन विचारू लागल्या, "झाली का बघून?" पण जपानी बाग अशी उरकता येत नाही, ती तशीच आखलेली असते. वाट सरळ नसते, वळणे घेत जाते. समोर उंचवटा किंवा झुडपांचा गट येतो आणि पलीकडे काय आहे ते दिसत नाही. वळलात की मग तळे दिसते, पुढे पूल दिसतो. एका जागी उभे राहून सगळी बाग दिसेल अशी जागा मुद्दामच ठेवत नाहीत. काही जपानी बागांत वाटेवर सुटे दगड अंतराअंतरावर बसवलेले असतात. प्रत्येक पाऊल बघून टाकावे लागते, त्यामुळे चाल आपोआप मंदावते. फुलांचे भडक ताटवे कमी, हिरव्याच्या अनेक छटा, दगड आणि पाणी जास्त. डोळ्यांना ओढून नेणारे काही नसते, त्यामुळे डोळेही थांबतात. आम्ही हळूहळू दोघी दोघी, तिघी तिघी अशा पांगलो. बोलणे कमी झाले. कुणी सांगितले नव्हते.

पाण्याजवळ एक गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे. या बागेत कालव्याचे पाणी ओढ्यासारखे खेळवले आहे. बहुतेक जणी त्या आवाजाजवळ बसल्या, मासे पाहू लागल्या. एक बहीण मात्र लांब जाऊन उभी राहिली. तिचा हात थंड पडला होता, छाती धडधडत होती. २०१८ च्या सप्टेंबरात मुठा कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरले होते, तेव्हा ती तिथेच राहत होती. भांडी, धान्य, मुलांची दप्तरे तिच्या डोळ्यांसमोर वाहून गेली. वाहत्या पाण्याचा आवाज आला की तिला अजून तसेच होते, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. इतकी वर्षे ती याला 'अशक्तपणा' म्हणत होती आणि सलाईन लावून घेत होती. आम्ही तिला पाण्यापासून दूर झाडाखाली बसवले, दोन्ही पाय जमिनीला टेकवायला सांगितले आणि श्वास आत घेताना चार, सोडताना सहा मोजायला लावले. श्वास लांब सोडला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. नंतर तिला सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पाठवले. शांत जागा सगळ्यांना सारखीच शांत लागते असे नाही. तुमच्या बरोबरच्या कुणाला असे झाले तर तिला 'काही नाही होत' म्हणून ओढू नका. तिचे ऐकून घ्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मावशी दिवसभर चालतात, तरी त्यांना चालायला का सांगायचे?

आपल्या शरीरात संकटासाठी एक तयारी असते. कुत्रा अंगावर आला की हृदय जोरात धडकते, रक्तवाहिन्या आवळतात, प्रेशर चढते, पळायची ताकद येते. कुत्रा गेला की सगळे खाली यायला हवे. पण घरमालकीण ओरडेल, बस चुकेल, पाणी जाईल, मुलगा रात्री वेळेवर येईल का, अशी संकटे दिवसभर रांगेत उभी असतील तर शरीराला खाली यायला वेळच मिळत नाही. त्यात आवाज. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याने ठरवलेली मर्यादा आहे. हमरस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत ती पाळली जाते का, हे तुम्हीच सांगा. माणूस झोपेत असला, जागा झाला नाही, तरी मोठ्या आवाजाने त्याचे ठोके आणि प्रेशर वाढते. म्हणजे आपले शरीर रात्रीही कामावरच असते. आणि हो, आपल्याच जयंतीच्या डीजेलाही हा नियम लागू आहे. हे आम्ही मंडळात बोललो तेव्हा काही भाऊ रागावले होते, तरी इथे लिहीत आहोत.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. मध्यम जोर म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. धुणीभांडी करताना अंग दुखते, कंबर मोडते, पण त्यात वाकणे, उभे राहणे, थांबणे जास्त असते, असे सलग मोकळे चालणे कमी. कष्ट आणि व्यायाम दोन्हीत घाम येतो. कष्टात वेळ दुसऱ्याचा असतो, व्यायामात आपला. फरक एवढाच नाही, पण आम्हाला सगळ्यात मोठा हाच वाटतो.

हिरव्या जागेचा आजारी माणसाला उपयोग होतो का, याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच या संशोधकाने तपासल्या आणि १९८४ साली छापल्या. ज्यांच्या खाटेजवळच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरदार औषधे कमी लागली. जोड्या थोड्याच होत्या, तेवीस. म्हणून यावरून फार मोठे सांगू नये. पण वॉर्डात रात्रपाळी केलेल्या कुठल्याही नर्सला विचारा, खिडकीकडची खाट रुग्ण का मागतात ते. जपानच्या वनखात्याने तर १९८२ पासून लोकांना जंगलात सावकाश फिरायला सांगायला सुरुवात केली. त्याला ते वनस्नान म्हणतात.

आपल्याला मात्र हे जपानकडून शिकायची गरज नाही, ते आपल्या घरातलेच आहे. राजा बिंबिसाराने तथागतांना आणि संघाला वेळुवन दिले, तेव्हा त्याने कशी जागा शोधली ते विनयपिटकात आले आहे. गावापासून फार लांब नाही, फार जवळ नाही, लोकांना येता-जाता येईल अशी, दिवसा गर्दी नाही आणि रात्री आवाज नाही अशी. आज नगररचनेचे शिक्षण घेतलेला माणूस सार्वजनिक बागेसाठी याहून वेगळे काय सांगेल? राजगृहातला वैद्य जीवक, ज्याला आपण आरोग्याच्या कामात आदर्श मानतो, त्याने आपली आमराई संघाला दिली. वैद्याने औषधांबरोबर बागही दिली, हे आम्हाला फार आवडते.

आणि चंक्रमण. ध्यानशिबिराला गेलेल्यांना हा शब्द माहीत आहे. एका ठरावीक अंतरात सावकाश, भान ठेवून येरझारा घालणे म्हणजे चंक्रमण, पालीत चंकम. अंगुत्तर निकायात तथागतांनी त्याचे पाच फायदे सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, मेहनत झेपते, आजार कमी होतात, खाल्ले-प्यालेले नीट पचते आणि चालताना मिळालेली एकाग्रता जास्त वेळ टिकते. पाचातले चार सरळ शरीराचे आहेत. आजचा डॉक्टरही हेच सांगतो, जेवणानंतर थोडे चालले की रक्तातली साखर कमी चढते.

बागेत आम्ही ते करून पाहिले. झाडाखालची सपाट जागा निवडली, पंचवीस-तीस पावलांची. हात पोटासमोर किंवा पाठीमागे सैल धरले. डोळे उघडे, नजर तीन-चार हात पुढे जमिनीवर. डोळे मिटायचे नाहीत, चक्कर येणाऱ्या बाया पडतात. टाच टेकली, पाऊल टेकले, दुसरी टाच उचलली, एवढ्याकडेच लक्ष. टोकाला पोहोचलो की क्षणभर थांबायचे आणि वळायचे. मन घरी जाते, भाजीत मीठ घातले का तिथे जाते, जाऊ द्यायचे आणि परत पायाकडे आणायचे. दहा मिनिटे पुरतात. आमच्यातल्या एकीला हसूच आवरेना, ती बाकड्यावर जाऊन बसली. तिचेही काही बिघडले नाही.

इथे थोडे सावध करतो. साखर असलेल्यांनी अनवाणी गवतावर चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर काटा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. मऊ तळव्याची, मागून पट्टा असलेली चप्पल घाला आणि घरी आल्यावर दोन्ही तळपाय आरशात पाहा. साखरेच्या गोळ्या घेत असाल किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी निघू नका, पदरात साखरेची पुडी ठेवा. गुडघे धरलेल्यांनी भरभर चालण्याचा हट्ट करू नये, सपाटीवर थोडे थोडे चालावे. चालताना छातीत दाबल्यासारखे झाले, घाम सुटला, तर थांबा आणि तडक दवाखाना गाठा, बाग परत कधीही दिसेल. बोलताना जीभ अडखळली, तोंड एका बाजूला ओढले गेले किंवा एका बाजूचा हात उचलेनासा झाला तर एक मिनिटही न थांबता १०८ ला फोन करायचा. मावशींच्या बहिणीला त्या रात्री 'वारं गेलं असेल' म्हणून सकाळपर्यंत झोपवून ठेवले होते.

बसून डबे उघडायला बाहेर यावे लागले, आत खाणे चालत नाही. भाकरी खाताना आजींनी बाबासाहेबांची गोष्ट काढली आणि आम्हाला वाटते, तिथून पुढे त्या दिवसाला खरा अर्थ आला. भिवाचे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत स्वयंपाक, झोपणे, पाहुणे आणि अभ्यास. सुभेदार रामजी रात्री दोन वाजता मुलाला उठवत, कारण तेव्हाच घर शांत असे. दिवसा शांतता कुठे मिळायची? तर चर्नी रोडच्या बागेत. शाळा सुटली की भीमराव तिथे जाऊन वाचत बसत. त्याच बागेत येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी रोज पुस्तकात डोके घालून बसलेला हा मुलगा पाहिला आणि त्याची चौकशी केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यानिमित्त सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. तिथे केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे.

ही गोष्ट आपण नेहमी पुस्तकाची म्हणून सांगतो. ती बागेचीही आहे. त्या मुलाला गजबजलेल्या मुंबईत बसायला एक बाक मिळाले नसते तर? एका बहिणीचा मुलगा दहावीला आहे, घरात सात माणसे. तिने तिथल्या तिथे ठरवले की शनिवार-रविवार त्याला पुस्तक घेऊन बागेत पाठवायचे. फुकट बागा आपल्या भागात आहेत, त्यासाठी तिकिटाचीच बाग हवी असे नाही.

परत आल्यावर विहारात मावशींचे प्रेशर मोजले. १४८/९२. टाळ्या वाजल्या. आम्ही टाळ्या थांबवल्या. एका सकाळच्या बागेने ब्लडप्रेशर बरे होत नाही. शांत बसल्यावर, चालून विसावल्यावर ते काही वेळ खाली येतेच. आणि १४८ हेसुद्धा जास्तच आहे. मावशींनी महिनाभर गोळी सोडली होती, हे त्यांनी तेव्हा कबूल केले. चक्कर येते म्हणून सोडली होती. आम्ही त्यांना सोमवारी महापालिकेच्या दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आता त्या रोज गोळी घेतात आणि संध्याकाळी कामावरून येताना एक स्टॉप आधी उतरून वाटेतल्या छोट्या बागेत वीस मिनिटे चालतात. गेल्या तीन वेळा त्यांचे प्रेशर १४० च्या खाली आले. गोळीमुळे किती आणि चालण्यामुळे किती, हे आम्ही सांगू शकत नाही आणि मावशींना त्याची फिकीरही नाही. त्या म्हणतात, "त्या वीस मिनिटांत मला कुणी हाक मारत नाही."

ज्यांच्या वस्तीजवळ बाग नाही त्यांनी विहाराचे आवार वापरावे. आमच्या विहाराच्या मागे पंधरा पावलांची जागा होती, तिथे मोडक्या खुर्च्या आणि मंडपाचे बांबू पडले होते. तरुण मुलांनी ते हलवले, कडेला कडुलिंब आणि दोन पेरू लावले. भिंतीजवळ एक मातीची घागर ठेवली, तिच्यातून थेंब थेंब पाणी खाली दगडावर पडते. जपानी बाग नाही ती. पण संध्याकाळी सहा ते सात तिथे मोबाईल वाजवायचा नाही, असा नियम बायांनीच केला आहे आणि पुरुष मंडळीही तो पाळतात. जागा नसेल तर नगरसेवकाकडे, वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या. अर्जावर विहाराचा शिक्का मारा, पन्नास बायांच्या सह्या घ्या आणि पोच घ्यायला विसरू नका. अर्जात बागेबरोबर संडासही मागा.

पुढची फेरी पौर्णिमेनंतरच्या रविवारी आहे. सकाळी सात वाजता विहारासमोर जमायचे. चहा-बिस्किट खाऊन या, गोळी घेऊन या, पाण्याची बाटली आणि पायात पट्ट्याची चप्पल. तिकिटाचे पैसे ज्यांच्याकडे नसतील त्यांचे मंडळ भरेल, तसे आधी सांगण्याचीही गरज नाही. ज्या ताई मागे कुठल्या तरी बागेच्या दारातून परत आल्या होत्या, या वेळी पुढे त्या चालणार आहेत.